अमावस्येचं ऑइल

२४ एप्रिल २०२५, गुरुवार

या वहीत आतापर्यंत फक्त गाडीचं ऑइल लिहीत होते. तारीख, किलोमीटर, किती लिटर टाकलं. आज ऋषी म्हणाला, काकू, नुसते आकडे नका लिहू, गाडीत काय वेगळं वाटलं तेही लिहीत जा, कामाला येतं. म्हणून वही उलटी धरून मागच्या पानापासून सुरुवात केली. मॅट्रिक झालेली आहे, लिहायचं भय नाही. दुपारी पोथी झाली की तासभर मोकळा असतो.

ऋषी म्हणजे शेजारच्या यमुताईंचा मुलगा. हिंगण्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला आहे. तिथे इंजिनांचं वापरलेलं ऑइल तपासतात. इंजिन आतून झिजलं की झीज ऑइलमध्ये उतरते. लोखंडाची झीज असेल तर लोह निघतं, बेरिंगची असेल तर तांबं आणि शिसं निघतं. डोळ्याला दिसत नाही, मशीनला दिसतं. आपण रक्त तपासतो तसंच, म्हणाला. आणि तपासणीत ऑइल चांगलं निघालं तर ते उगाच बदलायचं नाही, आणखी चालवायचं.

ही शेवटची गोष्ट माझ्या मनात बसली. आमचे हे दर दहा हजार किलोमीटरला ऑइल बदलतात. कंपनीच्या पुस्तकात वीस हजार लिहिलेलं आहे, मी स्वतः वाचलं. विचारलं तर म्हणतात, गाडी शिकवली त्या गुरूनं दहा सांगतलं होतं. अकरा लिटर ऑइल इंजिनाखालच्या चेंबरमधून निघून कवडू मिस्त्रीच्या डब्यात जातं आणि तो ते कुणाला तरी विकतो. मी शिळ्या पोळीचा कुस्करा करणारी बाई आहे. मला ते पाहवत नाही.

गाडी एकच आहे. बत्तीस सीटची. आमच्या नंदनवन वस्तीतून सकाळी कामगार घेऊन बुटीबोरीच्या कारखान्यात सोडायचे, संध्याकाळी परत आणायचे. ती फिरते आहे तोवर हे मालक. ती बसली तर छप्पन्नाव्या वर्षी यांना दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागेल. म्हणून जे करायचं ते नीट, विचारून करायचं.

२७ एप्रिल, रविवार, अमावस्या

पहिला नमुना काढला.

आमच्याकडे अमावस्येला गाडीची पूजा असते. गाडी धुवायची, जुनं लिंबू-मिरची काढून नवं बांधायचं, गेज, म्हणजे ऑइलची मोजपट्टी, काढून पाहायचा आणि वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरायचं. हा माझा नेम आहे. देवापुढे गाडी अर्ध्या पोटी उभी करायची नाही. ऑइलचा डबा माझ्याकडे असतो, स्वयंपाकघरात, गोड्या तेलाच्या शेजारी. आधी यांच्याजवळ असायचा तर मधेच उगाच ओतायचे. आता महिन्यातून एकदा, अमावस्येला, माझ्या हातानं.

आज एक लिटर लागलं. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, हे मारुतीच्या देवळापर्यंत फेरी मारून आले. ऋषीनं सांगितलं होतं की नमुना गरम इंजिनातून काढायचा, म्हणून फेरीनंतरच काढला. गेजच्या भोकातून बारीक नळी घालायची आणि छोट्या हातपंपानं ओढायचं. बाटली त्यानंच दिली, कोरी, झाकणाची.

कवडू पाहायला आला होता. म्हणाला, "वहिनी, गाडीची लघवी तपासायले पाठवून राहिल्या का?" हे हसले. मग म्हणाले, माही तब्येत कोणी तपासली नाही कधी, गाडीचं नशीब पहा.

बाटलीबरोबर एक फॉर्म होता. गाडीचा नंबर, किलोमीटर, ऑइल किती किलोमीटर चाललं. खाली एक रकाना होता, मागच्या वेळेपासून वरून किती ऑइल टाकलं. एक लिटर. एवढ्याशासाठी काय लिहायचं. कोराच सोडला.

६ मे, मंगळवार

रिपोर्ट आला. लोह ३४. तांबं, शिसं नावाला. ऋषी म्हणाला, लोह शंभराच्या आत असलं की काळजी नाही, ऑइल छान आहे, बदलू नका.

अकरा लिटर वाचलं. मारुतीला तेल वाहिलं. यांना सांगितलं तर हे म्हणाले, कागद म्हणते तं ठीक. पण कवडूला आज ऑइल बदलायला बोलावलं होतं, त्याला परत पाठवताना यांचं तोंड उतरलं होतं. सवय मोडली की माणसाला असंच होतं.

२५ जून, बुधवार, अमावस्या

दीड लिटर लागलं. पूजा, फेरी, नमुना.

फॉर्मचा तो रकाना परत कोरा सोडला. गाडी ऑइल पिते हे बाहेर कशाला सांगायचं. ऋषी चांगला आहे, पण यमुताईंच्या पोटात काही राहत नाही. अख्ख्या गल्लीत होईल की इंदुताईंची गाडी म्हातारी झाली. उद्या कारखान्याच्या साहेबाच्या कानावर गेलं तर तो नवी गाडी पाहील. घरातलं उणं घरात.

४ जुलै, शुक्रवार

लोह ३६. जवळपास तेवढंच. ऑइल चौदा हजार चाललं आहे आणि अजून चांगलं आहे. देवाची कृपा.

१४ जुलै, सोमवार

आज सकाळी हे गाडी सुरू करून खाली उतरले आणि डाव्या बाजूला कान देऊन उभे राहिले. मी ओट्यावर फुलं तोडत होते. मला म्हणाले, टक टक आवाज येऊन राहिला, खालून. मी जाऊन ऐकलं. मला इंजिनाचा आवाज आला, इंजिनासारखा.

गेज पाहिला. खालच्या खुणेला आलेला. हे म्हणाले, "अर्धा लिटर तरी दे ना वं." अमावस्या दहा दिवसांवर. म्हटलं, अजी, खुणेवर आहे म्हणजे आहे, दहा दिवसांनी भरायचंच आहे. हे गाडी घेऊन गेले.

१७ जुलै, गुरुवार

कवडूनं ऐकलं. गाडी तोवर गरम झाली होती. त्यालाही काही ऐकू आलं नाही. पण तो म्हणाला, रामाजीभाऊले आवाज आला म्हणते तं एकदा ऑइल सोडून चेंबर खोलून पाहू, बेरिंगवर नजर टाकू. दोन दिवस गाडी उभी राहील.

मी त्याला रिपोर्ट दाखवला. बेरिंग झिजलं असतं तर शिसं वाढलं असतं, तांबं वाढलं असतं. दोन्ही नाही. कवडूनं कागद उलटासुलटा केला, परत दिला. म्हणाला, तुमी शिकलेल्या आहा.

मला बरं वाटलं. खरं लिहायचं तर फार बरं वाटलं. तीस वर्षं या घरात गाडीबद्दल मला कोणी काही विचारलं नव्हतं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार, पोळा

आमच्या घरी बैल नाहीत, पण हे दरवर्षी पोळ्याला गाडी बैलासारखी सजवतात. आरशाला बेगड, समोर झूल म्हणून माझी जुनी नऊवारी. शेजारची पोरं गोळा होतात. हे बोनेटवर हात फिरवत बोलत होते, "का गा राजा, खाल्लं का?" छप्पन्न वर्षांचा माणूस. मी आत येऊन हसले.

ऑइल अडीच लिटर लागलं. मागच्या अमावस्येला दोन लागलं होतं. वाढतं आहे. पण गरमीनं उडत असेल.

पूजा, फेरी, नमुना.

३१ ऑगस्ट, रविवार

लोह २९.

कमी झालं. ऋषीनं मागचा रिपोर्ट काढून पाहिला. म्हणाला, काकू, हे कमी व्हायला नको खरं तर, मध्ये ऑइल टाकलंत का वरून? मी म्हटलं, थोडंसंच, गेज पाहून. तो म्हणाला, थोडं म्हणजे? तेवढ्यात यमुताई चहा घेऊन आल्या आणि मी म्हटलं, अरे थोडं म्हणजे थोडं.

त्यानं जास्त विचारलं नाही. मी देवापुढे बसून २९ हा आकडा परत परत पाहिला. माणसाची झीज वाढत जाते आणि आमच्या गाडीची कमी होते आहे. नेम पाळला त्याचं फळ, दुसरं काय.

११ सप्टेंबर, गुरुवार

रोज सकाळी तेच. गाडी सुरू करायची, डाव्या बाजूला उभं राहायचं, मान वाकडी करायची. मला बोलवायचं. आज तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा माझी पोळी तव्यावर जळली.

देवळाच्या सभागृहात कानाची फुकट तपासणी होती. नेलं त्यांना. डॉक्टर म्हणाले, उजवा ठीक आहे, डावा बराच कमी झाला आहे, तीस वर्षं डाव्या हाताला इंजिन, असं होतंच. कधी कधी अशा कानात आपोआपही आवाज येतात.

घरी येताना मी म्हटलं, "आता तरी पटलं ना? आवाज गाडीत नाही, तुमच्या कानात आहे."

रागानं नाही म्हटलं. समजावून सांगावं तसं म्हटलं. हे चालता चालता थांबले, पायातली चप्पल सारखी केली आणि परत चालायला लागले.

२१ सप्टेंबर, रविवार, सर्वपित्री

तीन लिटर. पितरांना पान ठेवलं. नमुना दिला.

दहा दिवस झाले, यांनी आवाजाचं नाव काढलं नाही. घर शांत आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार

लोह २८. ऑइल वीस हजाराला पोचत आलं. ऋषी म्हणाला, पुस्तकाप्रमाणे आता बदला. मी म्हटलं, कागद इतका चांगला आहे तर का? तो म्हणाला, मग पुढच्या महिन्यात परत नमुना द्या, तोही असाच आला तर पंचवीसपर्यंत नेऊ.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

साडेतीन लिटर. गेज जवळपास कोरडा निघाला, टोकाला फक्त थेंब. यांनी मला दाखवला आणि परत पुसून आत घातला. मी वरच्या खुणेपर्यंत भरलं. पूजा, फेरी, नमुना.

२९ ऑक्टोबर, बुधवार

लोह २७. पंचवीस हजारापर्यंत चालवायला हरकत नाही, असं कागदावर छापून आलं आहे. तो कागद देवघरात ठेवला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

गाडी बसली.

सकाळी वर्धा रोडवर, पूल चढताना. आत सव्वीस कामगार. आधी मोठा धडाका झाला, मग सगळं बंद. मागच्या ट्रकनं ब्रेक मारला आणि हातभर अंतरावर उभा राहिला. कोणाला लागलं नाही. हे मी देवापुढे दहा वेळा म्हटलं, कोणाला लागलं नाही.

टोचन लावून, दुसऱ्या गाडीनं ओढून, गाडी कवडूच्या अंगणात आणली. इंजिनाला बाजूनं भोक पडलं आहे. मूठ जाईल एवढं. खाली काळं ऑइल टपकत होतं आणि त्यात उन्हात चमकी दिसत होती. साडीच्या जरीची असते तशी.

हे गाडीच्या पायरीवर बसून होते. लोक विचारत होते, रामाजीभाऊ, आधी काही आवाज नाही आला का? हे एकच सांगत होते, "मले आयकू नाही आलं."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कवडूनं खोललं. बेरिंगचा वरचा थर पूर्ण गेलेला, खालचं तांबं उघडं पडलेलं. क्रँकवर, म्हणजे बेरिंगात फिरणाऱ्या दांड्यावर, बोट फिरवलं की नख अडकतं. म्हणाला, हे एका दिवसाचं काम नाही होय, चार-पाच महिन्यांचं आहे. ऑइल कमी पडून पडून घासलं. असं बेरिंग सकाळी थंड्या गाडीत वाजते, टक टक, मंग गरम झाली की दबते.

मी तिथेच उभी होते. हे पण उभे होते. उजव्या कानाच्या बाजूला कवडू होता, म्हणजे यांना ऐकू आलं असणार. पण यांचं लक्ष क्रँककडे होतं. हाताच्या पंज्यानं ती हळूच पुसत होते.

कवडू म्हणाला, दुसरं इंजिन बसवून देतो, जुनं मिळते, पैसे सवडीनं द्या, महिनाभरात गाडी उभी करतो. तो मनापासून म्हणत होता. हे म्हणाले, "नको. गाडी वाजली तरी ज्याले आयकू येत नाही त्यानं सव्वीस माणसं घेऊन जाऊ नये."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ऋषी आला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. म्हणाला, काकू, पाचही रिपोर्ट मी परत पाहिले, यात असं इंजिन बसायलाच नको. मला खरं सांगा, वरून किती ऑइल टाकत होतात?

मी ही वही सुलट करून त्याच्या हातात दिली. त्यात सगळं होतं. एक, परत एक, दीड, दोन, अडीच, तीन, साडेतीन. माझ्याच अक्षरात.

तो वाचत गेला. मग म्हणाला, "आणि नमुना कधी काढायचात? भरायच्या आधी की नंतर?"

म्हटलं, नंतर. पूजा झाल्यावर. भरलेली गाडी देवापुढे उभी करून.

तो खुर्चीत मागे टेकला. म्हणाला, "काकू, तुम्ही दुधात पाणी घालून ते दूध तपासायला देत होतात. झीज तेवढीच होती, वाढतच होती. नवं ऑइल पडलं की ती पातळ होऊन कमी दिसायची. गाडी जितकं जास्त ऑइल प्यायची, तितका तुमचा कागद चांगला यायचा."

मग स्वतःलाच बोल लावायला लागला, की मी विचारायला हवं होतं, रकाना कोरा पाहून फॉर्म परत पाठवायला हवा होता. यांनाही सांगून जातो म्हणाला. मी त्याला हात जोडले. म्हटलं, मी सांगते, मलाच सांगू दे.

तो गेल्यावर मी वही परत पाहिली. आकडे एकाखाली एक होते. कुणाला ताप आला तर मी पहिले थर्मामीटर लावते आणि मग औषध देते, हे मला कळतं. गाडीचं कळलं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार, अमावस्या

अंगण रिकामं. दिवा लावला. मागायला काही सुचलं नाही. देवा, जे मागितलं होतं ते देत होतास, असं वाटत होतं ना मला. तूच आकडा कमी करतोस असं वाटत होतं. मीच करत होते, डबा धरून.

यांना सांगितलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

हे आता मी हाक मारली तर उत्तर देत नाहीत. आधी द्यायचे. मी समोर जाऊन उभी राहिले की दचकतात. फोन वाजला की माझ्याकडे सरकवतात. म्हणतात, तू बोल, मले कळत नाही. डॉक्टरनं उजवा कान ठीक सांगितला होता. उजव्यानं ऐकणं पण यांनी सोडून दिलं.

आज सांगणार होते. जेवताना. भाजी वाढली आणि म्हटलं, अजी, एक सांगायचं आहे. यांनी हात कानामागे नेला, माझ्याकडे पाहत राहिले, लहान पोर पाहतं तसं. म्हटलं, मीठ कमी आहे का?

भीती कशाची आहे ते लिहिते, नाहीतर या वहीचा उपयोग काय. मारणार नाहीत, ओरडणार नाहीत. कधी ओरडले नाहीत. मला भीती आहे की पुढच्या वेळी मी काही म्हटलं की हे ऐकतील, मान हलवतील, आणि विश्वास ठेवणार नाहीत. कागद वाचणारी बाई म्हणून चार महिने मला जे मिळालं ते जाईल. त्यासाठी मी गप्प आहे. हे वाचायला लाज वाटते, पण खरं हेच आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

कुहीचा जितेंद्र म्हणून एक जण गाडी पाहून गेला. त्याच्या दोन गाड्या तिकडे चालतात. इंजिन मी टाकून घेईन म्हणाला, बॉडी चांगली ठेवली आहे तुम्ही. हे त्याला सगळं खरं सांगत बसले, कुठली काच बदलली, कुठली सीट हलते. आणि कान खराब झाला म्हणून विकतो, गाडीत खोट नाही.

कवडूनं मला बाजूला घेऊन विचारलं, वहिनी, भाऊले समजवा ना, कानाचं काय घेऊन बसले. मी म्हटलं, समजावते.

२ डिसेंबर, मंगळवार

सह्या झाल्या. गाडी गेली.

सकाळपासून सांगायला माझ्याकडे चार तास होते. जितेंद्र दुपारी यायचा होता, त्याआधीच गाडी कवडूकडून ओढून आमच्या अंगणात आणून ठेवली होती. मी घर पुसलं, देव घासले, डाळ निवडली, निवडलेली परत निवडली. हे अंगणात गाडीत बसून होते, आपल्या जागेवर, स्टिअरिंगवर हात ठेवून. मी दोनदा दारापर्यंत गेले.

टोचन लावून नेली. वळणावर मागचा भाग दिसेनासा होईतोवर हे उभे होते. मग म्हणाले, चाल, उन्ह लागते तुले.

६ डिसेंबर, शनिवार

बेसाकडे नवी स्कीम झाली आहे, चार इमारतींची. तिथे फाटकावर यांना ठेवलं. दिवसपाळी. निळा शर्ट, टोपी, शिट्टी.

९ डिसेंबर, मंगळवार

डबा विसरले म्हणून मी बेसाला घेऊन गेले. फाटकाशी दुसरा एक गार्ड होता, नवीन. हे त्याला सांगत होते, यांची पाठ माझ्याकडे होती, मी यांना दिसले नव्हते. "मोठ्यानं बोलत जाजो बापा, मी बहिरा आहो."

मी डबा दिला आणि तिथेच सांगितलं. फाटकाच्या बाहेर, सिमेंटच्या पाईपवर बसवून. सगळं. अमावस्या, भरणं, मग नमुना. रकाना कोरा सोडला ते. ऋषीला थोडंसं म्हटलं ते. अर्धा लिटर मागत होते तेव्हा दिलं नाही ते. ऋषीनं काय सांगितलं ते. आणि कवडू काय म्हणाला ते, की असं बेरिंग सकाळी थंड्या गाडीत वाजतं.

मी हळूच बोलत होते, लोक जात-येत होते. यांना सगळं ऐकू आलं. एकदाही परत विचारलं नाही.

मग म्हणाले, "म्हणजे गाडी वाजत होती."

म्हटलं, हो.

"आन मले आयकू येत होतं."

हो.

यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "त्या दिवशी सकाळपासून वाजून राहिली होती वं. खडखड वाजे. नंदनवन सोडलं तवापासून. एकदा वाटलं, बाजूले घ्यावं. मंग म्हटलं, हे कानात आहे. इंदूनं सांगतलं आहे, हे कानात आहे."

यांचा चेहरा खुलला होता. ते पाहवत नव्हतं मला. रडले असते, बोलले असते तर चाललं असतं. नातवाचा पहिला नंबर आला अशा चेहऱ्यानं हे माझ्याकडे पाहत होते. मग तो चेहरा हळूहळू विझत गेला. कुहीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दिशेनं पाहिलं आणि म्हणाले, "हे तू मले आठ दिवस आंधी..."

एवढंच. एक गाडी हॉर्न वाजवत आली, उठले, फाटक उघडलं.

१४ डिसेंबर, रविवार

पाच दिवस झाले. हाक मारली की उत्तर देतात. फोन स्वतः उचलतात. माझ्याशी आपणहून बोलत नाहीत. पाणी मागत नाहीत, उठून घेतात.

पोथी उघडते, डोळे फिरतात, आत जात नाही.

२८ डिसेंबर, रविवार

सुट्टी घेतली होती. सकाळीच एसटीनं कुहीला गेले. कुठे जातो ते सांगितलं नाही, पण चपला पुसल्या तेव्हाच कळलं.

दुपारी आले. जितेंद्रनं इंजिन टाकलं आहे, रंग दिला आहे, गाडी चालू आहे. यांनी ती सुरू करायला लावली आणि डाव्या बाजूला उभं राहून ऐकली. बराच वेळ ऐकली म्हणे. जितेंद्रनं गाडी चालवायलाही विचारलं, पगारी. हे नाही म्हणाले.

हे सगळं मला कवडूकडून कळलं, जितेंद्रचा त्याला फोन आला होता. मी ताट वाढत होते तेव्हा हे मला एवढंच म्हणाले, "आवाज साफ आहे."

मग जेवले. ताट उचलून स्वतः मोरीत ठेवलं.